खुश्कीतील बाग

निजामाच्या राज्यातील महसुली दप्तरात जमिनीचे तीन ठळक भेद मानीत असत : पावसाच्या भरवशावर पिकणारी ती खुश्की, तलावाच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर भात देणारी ती तरी, आणि विहिरीवर मोट बांधून जिच्यात ऊस, हळद, केळी आणि फळझाडे जोपासली जातात ती बागात. तरीचेही पुन्हा आबी आणि ताबी असे हंगामाप्रमाणे दोन पोटभेद होते, आणि खुश्कीहून या ओलिताच्या जमिनींचा सारा अर्थातच चढा असे. मराठवाड्यातील ज्या कुटुंबांनी आपले जुने कागद जपून ठेवले आहेत त्यांच्या पेट्यांतून हे शब्द अजूनही आढळतात. सरकारच्या लेखी बागेची व्याख्या पाण्यावरून होत होती. झाडे कोणती, त्यांची सावली किती, फुले कशी, हा प्रश्न जमाबंदीच्या कारकुनाला पडण्याचे कारण नव्हते. या हिशेबाने पाहू गेल्यास, ज्या नगरीत हे सारे दप्तर ठेवले जाई ती हैदराबाद नगरी स्वतः खुश्कीच्या पठारावर वसलेली होती आणि तरीही तिची ख्याती मात्र बागांची नगरी अशी होती. चारशे वर्षांत या पठारावर दोन प्रकारच्या बागा झाल्या. एक दौलतीच्या बळावर आणलेल्या पाण्याने वाढली आणि तिची वर्णने प्रवाशांनी व मुन्शींनी लिहून ठेवली. दुसरी कोणी लावली हेही बहुधा ठाऊक नाही, तिला पाणी कोणी घातले नाही, आणि तिचा उल्लेख कोणत्याही फर्मानात नाही. आपल्या घरापुढच्या चार हात जमिनीत थोड्या पाण्यावर आणि थोड्या निगेवर निभावणारी झाडे लावू इच्छिणाऱ्या आजच्या गृहस्थाला या दुसऱ्या बागेचा इतिहास अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. पहिलीचाही पडेल, पण तो मुख्यतः तिच्यातले काय उरले एवढे पाहण्यापुरता.

प्रथम भूमी पाहू. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाकाठी सरासरी आठशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे पुणे शहराहून थोडा अधिकच. परंतु हा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि परतीच्या मोसमात थोडाबहुत पडून जातो, आणि मग आठ महिने आकाश कोरडे राहून चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. जमिनीखाली सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे, आणि तो जागोजागी एकावर एक रचल्यासारख्या प्रचंड गोल शिळांच्या रूपाने वर डोकावतो. या शिळा झिजून झालेली तांबूस, रेताड माती, जिला तेलुगू शेतकरी चलका म्हणतो, ती पाणी घेते तितक्याच लवकर सोडूनही देते. सखल भागात मात्र आपल्या ओळखीची काळी रेगड सापडते, जी पाणी धरून ठेवते पण उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. अशा जागी झाड जगायचे तर त्याला दोनच मार्ग मोकळे असतात : कोणीतरी आठ महिने पाणी घालावे, किंवा झाडाने स्वतःच शिळेच्या फटीत मूळ घालून, पाने गाळून अथवा खोडात पाणी साठवून आपली सोय लावावी.

पहिल्या मार्गाचा आरंभ कुतुबशाहीत झाला. १५९१ मध्ये मुहंमद कुली कुतुबशहाने मुसी नदीच्या दक्षिण तीरावर नवे नगर वसविले आणि त्याच्या आखणीत पेशवा मीर मोमिन अस्त्राबादी याचा मोठा हात होता. इराणातून आलेल्या त्या विद्वानाच्या डोळ्यांपुढे पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली चारबागेची कल्पना असणे स्वाभाविक होते. सतराव्या शतकात तावेर्निये आणि तेव्हेनो या फ्रेंच प्रवाशांनी या नगराचे नाव बागनगर असेच लिहिले आहे, आणि राजवाड्याच्या गच्च्यांवर लावलेली झाडे इतकी मोठी होती की खालच्या कमानी तो भार कसा पेलतात याचे त्यांना नवल वाटले. आपल्या बखरकारांनी हेच नगर भागानगर म्हणून ओळखले. १६७७ मध्ये शिवाजी महाराज अबुल हसन तानाशहाच्या भेटीस आले ते याच नगरात. ते नाव बागेवरून पडले की भागमतीवरून, हा वाद मोठा रंजक असला तरी झाडांच्या दृष्टीने निष्फळ आहे, म्हणून तो इतिहाससंशोधकांच्या हवाली करून पुढे जाऊ.

गच्चीवरील वृक्षांना पाणी चढवावे लागते, ही गोष्ट प्रवाशांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. हैदराबाद वसण्याच्याही आधी, १५६२ च्या सुमारास, इब्राहिम कुतुबशहाच्या काळात हुसेनसागर बांधला गेला होता. गोवळकोंड्याला दुर्गम चेरुवु तलावाचे पाणी खापरी नळांनी येई, आणि बालेहिसारापर्यंत ते टप्प्याटप्प्याने रहाटांनी चढविले जाई. प्रत्येक टप्प्यावर हौद, रहाट फिरविणारी जनावरे, ती हाकणारी माणसे आणि या सर्वांवर एखादा दरोगा असला पाहिजे. बागेतील एका कारंजाच्या मागे केवढी यंत्रणा राबत होती याची कल्पना गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात येते. औरंगजेबाने शहाजादा असताना १६५६ मध्ये गोवळकोंड्यावर स्वारी केल्यानंतर अब्दुल्ला कुतुबशहाने तटाची ही वाढीव बाजू बांधली आणि तिच्या आत एक विस्तीर्ण बाग होती. अलीकडे पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात तिचे पाट, हौद आणि मातीचे नळ उघडे पडले. वर जमिनीवर मात्र त्या बागेतील एकही गुलाब, एकही सरू, एकही डाळिंब शिल्लक नव्हते. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला, रहाट थांबले, आणि पाण्याच्या आधारावर जगणारे जे जे होते ते बहुधा दोन-तीन उन्हाळ्यांतच संपले असेल.

आणि तरीही त्याच नया किल्ल्यात एक झाड उभे आहे. त्याला तिथले लोक हत्तियाँ का झाड म्हणतात आणि आपण गोरखचिंच म्हणतो. त्याच्या बुंध्याचा घेर सुमारे २७ मीटर भरतो आणि वय चारशे वर्षांहून अधिक सांगितले जाते. मूळचे हे आफ्रिकेचे. अरब व्यापाऱ्यांनी किंवा दख्खनच्या दरबारांत चाकरीस आलेल्या हबशांनी ते इकडे आणले असावे असे मानतात. वर्षातील बराच काळ त्याच्यावर पान नसते, आणि त्याची राखाडी, सुरकुतलेली, हत्तीच्या कातड्यासारखी साल पाहून नवखा माणूस ते वठले असेच समजतो. परंतु त्या भुसभुशीत खोडात पावसाचे पाणी साठविलेले असते आणि पहिल्या सरींबरोबर पालवी फुटून पांढरी लोंबती फुले रात्री उमलतात. कुतुबशहा गेला, मोगल सुभेदार गेला, आसफजाही गेली, बागेचे नळ मातीखाली गेले, आणि ज्याला कोणी पाणी घातले नाही ते झाड त्या साऱ्यांचे साक्षी म्हणून राहिले. घरापुढे गोरखचिंच लावावी असे मी म्हणणार नाही. तिला जागा द्यायची तर घर काढून टाकावे लागेल. तिच्या ठायी जो गुण आहे तो मात्र घराला पुरेल अशा झाडांतही सापडतो.

आसफजाही काळात बागांची हौस कमी झाली नाही, उलट ती अमीर-उमरावांच्या देवड्यांपर्यंत पसरली. शहराचा नकाशा उघडला तरी बशीरबाग, जामबाग, रामबाग, सीतारामबाग, कुंदनबाग, बाग लिंगमपल्ली अशी नावे दाटीने भेटतात, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी आज बाग सोडून बाकी सर्व काही आहे. मराठी माणसाला यांतील जामबाग अधिक ओळखीची, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने उभ्या केलेल्या विवेकवर्धिनी संस्थेचे नाव त्या परिसराशी जोडलेले आहे. दफ्तर-ए-दिवानीचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे रायरायान घराणे मराठी ब्राह्मणांचे. त्यांच्या शामराज देवडीसारख्या वास्तूंतून चौक, हौद, कुंड्या, वेली आणि फळझाडे हा सरंजाम देवडीच्या इभ्रतीचाच भाग मानला जाई. मौलाअलीच्या टेकडीच्या पायथ्याशी कवयित्री माहलका बाई चंदा हिची कबर आहे. ती १८२४ मध्ये वारली, आणि तिने आपल्या आईसाठी उभारलेल्या त्या वास्तूभोवतीही चारबागच आखली आहे.

या बागांचा खर्च कोठून येत होता, हे पाहिले की त्यांचा अंतही समजतो. जहागिरीचा वसूल, वंशपरंपरेचे माळी आणि भिस्ती, पखालीने आणि मोटेने दिवसभर ओढले जाणारे पाणी, यांवर त्यांचे हिरवेपण अवलंबून होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढच्याच वर्षी जहागिरी खालसा झाल्या. मग देवडीचे भाऊबंद वाटणीला बसले, हौद कोरडे पडले, माळी शहरात अन्यत्र रोजगार शोधू लागले आणि बागांचे भूखंड पडले. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. ज्या झाडाच्या मुळाशी जहागीर लागते ते झाड जहागिरीइतकेच जगणार, एवढाच त्याचा अर्थ. औरंगाबादेस हिमायतबागेचे नशीब निराळे निघाले, कारण ती सरकारी फळ-संशोधनाच्या ताब्यात गेली आणि तिथली फळझाडे कृषी विद्यापीठाच्या देखरेखीखाली राहिली.

हैदराबादच्या पाण्याचा इतिहास सांगताना १९०८ च्या महापुराला वगळता येत नाही. २८ सप्टेंबर रोजी मुसीने शहराचे काठ खरवडून नेले आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अफजलगंजात, ज्या आवारात पुढे उस्मानिया रुग्णालय उभे राहिले, तिथल्या एका चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे मात्र वाचली. पुराच्या लोंढ्यात घरे वाहून गेली आणि चिंच उभी राहिली, याचे कारण तिच्या खोल आणि पसरट मुळांत आहे. वैशाखात ज्या मुळांनी ती खालची ओल शोधते त्याच मुळांनी तिने त्या दिवशी जमीन धरून ठेवली. पुरानंतर विश्वेश्वरय्या बोलावले गेले, आणि त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. पूर अडविण्यासाठी बांधलेल्या या तलावांनी शहराला नळाचे मुबलक पाणी दिले, आणि येथूनच, माझ्या मते, बागेच्या इतिहासाला नवे वळण लागले : आजवर जे पाणी उमरावाला परवडे ते आता वकिलाला, डॉक्टरला आणि सरकारी अंमलदारालाही तोटी फिरवून मिळू लागले.

त्यांच्यापुढे नमुना मात्र जुन्या देवडीचा राहिला नव्हता. १८०६ पासून वाढत गेलेल्या सिकंदराबाद छावणीतील साहेबांच्या बंगल्यांनी कापलेल्या गवताचे मैदान ही नवी प्रतिष्ठा घालून दिली होती. इंग्लंडात गवत आकाशाच्या कृपेने बारमाही हिरवे राहते. दख्खनच्या पठारावर तेच हिरवेपण आठ महिने विकत घ्यावे लागते. गंमत अशी की आपली हरळी, गणपतीला वाहिली जाणारी तीच दूर्वा, या कामास मुळीच अपात्र नाही. ती वैशाखात पिवळी पडून निजते आणि मृगाच्या पहिल्या सरीने उठते. पण बंगल्याच्या मालकाला तिचे ते निजणे सहन होत नाही, म्हणून तो रोज सायंकाळी झारी सोडतो, आणि अलीकडे तर तो परदेशी जातीचे असे गवत पसरतो की जे निजायचे नावच घेत नाही आणि पाणी चुकले की थेट मरते.

ते पाणी येते कोठून? शहर वाढले तशी मुसीवरच्या तलावांची शक्ती संपली. १९६५ मध्ये मांजरेचे पाणी आले, २००४ मध्ये कृष्णेचे, २०१५ मध्ये गोदावरीचे. आणि शेवटची दोन तर शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून, शेकडो मीटर उंची चढवून आणावी लागतात. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूस बालाघाटात उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरी, गोदावरी त्र्यंबकेश्वरी. म्हणजे जुबिली हिल्सवरील हिरवळ जे पाणी पिते त्याचा प्रत्येक थेंब नसला तरी दुरून आणलेली प्रत्येक नदी महाराष्ट्रात जन्मलेली आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात याच मांजरेच्या खोऱ्यातील लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच सुमारास मांजरेवरील खालच्या अंगाचा सिंगूर जलाशयही आटला होता. एकाच नदीच्या वरच्या गावात माणसे घागरी घेऊन रांगेत उभी असावीत आणि खालच्या नगरात इतर नद्यांच्या पाण्याने गवताला आंघोळ घडावी, ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने गुन्हा नसली तरी तिच्याकडे डोळेझाक करणे मला जमत नाही.

आता दुसऱ्या बागेकडे वळू. गोवळकोंड्याच्या आणि बंजारा टेकड्यांच्या शिळांमधून, कोणी न लावता, सीताफळ उगवते. ते मूळचे अमेरिकेचे आणि पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले असावे. पण दख्खनच्या खडकाशी त्याने असे सख्य जोडले की त्याला परके म्हणण्याचे धैर्य आता कोणाला होणार नाही. त्याच्या कडवट पानांना शेळी तोंड लावीत नाही, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ते स्वतःच पाने गाळून पाण्याचा खर्च बंद करते, आणि पावसाळा सरता सरता शरदात फळे देते. सिकंदराबादच्या एका भागाचे सीताफळमंडी हे नावच तिथल्या जुन्या व्यापाराची साक्ष देते. महबूबनगर भागातील बालानगर या गावाच्या नावाची सीताफळाची जात आज महाराष्ट्रातील बागायतदारही आवडीने लावतात. मांजरेच्या उगमाकडील बालाघाटातही हेच फळ खडकाळ माळावर पिकते आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. निजामाच्या राज्याची ही दोन टोके, भाषा निराळी असूनही, एकाच फळाने जोडलेली होती.

सीताफळाइतकाच जुना, किंबहुना त्याहून कितीतरी जुना, मान तरवडाचा. पडीक रानात, रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या उतारावर हे सोनेरी फुलांचे झुडूप स्वतःहून वाढते. त्याची साल चांभार कातडे कमावण्यास वापरीत. तेलुगूत त्याला तंगेडु म्हणतात. महालयाच्या अमावास्येपासून नऊ दिवस तेलंगणातील स्त्रिया ताटावर फुलांची उतरंड रचून बतुकम्मा मांडतात आणि तिच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात. त्या उतरंडीत मुख्य मान या तंगेडुला आणि गुनुगुला, म्हणजे आपल्या कुरडूला. दोन्ही पावसावर वाढणारी, माळ्याच्या यादीत नसलेली फुले. त्याच दिवसांत काचीगुड्याच्या आणि सुलतानबाजाराच्या मराठी वस्तीत पाटावर हत्ती काढून भोंडला खेळला जाई. शेजारणींचे दोन फेर एकाच ऋतूत, एका गल्लीच्या अंतरावर. मला वाटते, फुलांच्या निवडीत मात्र तेलंगणाच्या बायका अधिक चतुर ठरल्या. ज्या फुलासाठी घडाभर पाणीही खर्चावे लागत नाही ते त्यांनी देवीच्या जागी बसविले. २०१४ मध्ये नवे राज्य झाले तेव्हा तंगेडु हे राज्यपुष्प आणि जम्मी, म्हणजे आपली शमी, हा राज्यवृक्ष ठरला. दसऱ्याला तिथे शमीचे पान सोने म्हणून देतात आणि आपल्याकडे आपट्याचे. शमी आणि आपटा, दोघेही कोरड्या माळावरचे चिवट वृक्ष. आपट्याचे झाड लहान चणीचे असल्यामुळे अंगणात सहज मावते, ही त्याची आणखी एक सोय.

शाही बागेतील उरलेल्या झाडांत पांढऱ्या चाफ्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दर्ग्यांच्या आवारात, कबरींच्या उशाशी आणि देवळांच्या प्राकारात तो सारख्याच निष्ठेने उभा असतो. हाही अमेरिकेहून आलेला. मांसल फांद्यांत रस साठवून, हिवाळ्यात निष्पर्ण होऊन, तो कोरड्या मोसमात फुलतो, आणि त्याची तोडलेली फांदी आठ दिवस सावलीत सुकवून मग जमिनीत खोचली तरी मूळ धरते. त्याच्या सोबतीला मेंदीचे कुंपण, कण्हेर, कोरांटी, सदाफुली आणि बोगनवेल. यांतील बोगनवेल मोठी मानी आहे : पाणी जास्त दिले तर पानांनीच भरते आणि ताण दिला तर फुलते, त्यामुळे आळशी माणसाच्या दारात ती उद्योगी माणसाच्या दारापेक्षा अधिक शोभते. घायपात, निवडुंग आणि कोरफड यांची युक्ती आणखी निराळी. इतर झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवा आत घेतात आणि त्या वेळी पाणी उडून जाते. ही मात्र रात्री, गारव्यात, आपली दारे उघडतात आणि दिवसा बंद करून बसतात.

सुलतानबाजार, काचीगुडा, बडीचावडी या भागांतील जुन्या मराठी घरांचे परसदार मी या संदर्भात आदर्श मानतो, जरी त्याच्या मालकिणीने आपण काही शास्त्र आचरतो असे कधी म्हटले नसते. वृंदावनातली तुळस रोज पाणी मागते, पण तांब्याभर. कढीलिंब आणि पारिजातक एकदा जमिनीत रुजले की आडाच्या काठच्या ओलीवर निभावतात. शेवगा कुंपणापाशी, जिथे कोणी त्याच्याकडे पाहत नाही, तिथे शेंगा देत राहतो. ज्यांना खरेच पाण्याचा लोभ आहे ते अळू आणि केळ न्हाणीच्या मोरीपाशी, जिथे सकाळची आंघोळ आणि दुपारची भांडी यांचे पाणी आपोआप वाहत येते. एकाच अंगणात झाडांची तहान ओळखून त्यांना पाण्याच्या जवळ किंवा दूर बसविण्याची ही रीत आजचे उद्यानशास्त्रज्ञ मोठ्या शास्त्रीय परिभाषेत शिकवतात. ती घरे पडून तिथे मजले चढले तेव्हा आडाबरोबर ही रीतही बुजली.

नगराच्या पश्चिमेस बंजारा टेकड्यांवर निजामाचे अंमलदार मेहदी नवाझ जंग यांनी, ज्या काळी तिथे कोणी राहण्याचे मनात आणत नसे त्या काळी, शिळा न फोडता त्यांच्याच आधाराने आपले घर बांधले. रवींद्रनाथ ठाकुरांनीही तिथला पाहुणचार घेतला. पुढे त्यांचे अनुकरण झाले ते फक्त टेकडीवर राहण्यापुरते. शिळा सुरुंगाने उडवून सपाटी केली गेली, बाहेरून काळी माती आणून पसरली गेली, आणि तिच्यावर गवत. ज्या शिळेच्या बुडाशी पावसाचे पाणी साचून सीताफळाला वैशाखापर्यंत पुरत होते ती शिळाच गेली, म्हणजे एका परीने त्या झाडाची विहीर बुजविली गेली. चिरान महालाभोवतीचा जो भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून वाचला तिथे मूळच्या रानाची ही रचना अजून पाहावयास मिळते.

कोरड्या भूमीचे शास्त्र शिकण्यासाठी जगभरातले लोक याच शहराजवळ येतात, हा योगायोग नव्हे. १९७२ मध्ये अर्धशुष्क उष्ण प्रदेशांतील पिकांसाठी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्यासाठी पाटनचेरूची जागा निवडली गेली. तिथे तांबडी चलका आणि काळी रेगड या दोन्ही माती एकाच आवारात मिळतात, हा त्या जागेचा मोठा गुण. १९८५ मध्ये कोरडवाहू शेतीची केंद्रीय संस्थाही हैदराबादेतच आली. ज्वारी, तूर, हरभरा यांना कमी पाण्यात कसे जगवावे याचा अभ्यास तिथे चालतो, आणि त्याच शहरातील घरांपुढे तहानलेले गवत वाढते.

तथापि कमी पाणी पिते एवढ्यावरून कोणत्याही झाडाला घरात घेऊ नये. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेची म्हणूनच भारतात आली, आणि आज दख्खनची किती राने तिने गिळली आहेत हे कोणत्याही वनरक्षकास विचारावे. वेडी बाभूळ त्याच शतकाच्या उत्तरार्धात सरपणासाठी आणि उजाड माळ झाकण्यासाठी आणली गेली, व तिने झाकण्याचे काम गरजेपेक्षा फार चोख केले. अलीकडे रस्त्यांच्या दुभाजकांवर झटपट हिरवळ हवी म्हणून कोनोकार्पस नावाचे झाड तेलंगणात लक्षावधींनी लावले गेले. ते न कोमेजता वाढले, पण परागाचा त्रास आणि गटारांत व नळांत शिरणारी मुळे यांच्या तक्रारी आल्यावर सरकारला त्याच्या लागवडीस मनाई करावी लागली. जे झाड कोणत्याही स्थितीत मरत नाही त्याच्याविषयी माळ्याने थोडा संशय बाळगावा हे बरे. तरवडाला किडा लागतो, सीताफळावर पिठ्या ढेकूण येतो, शमीला पाखरे वसतात; म्हणजे या भूमीतील इतर जीवांशी त्यांचा काहीतरी व्यवहार चालू असतो.

म्हणून कोणी मला हैदराबादेतील एखाद्या लहानशा अंगणासाठी झाडे विचारली तर पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूस एक आपटा किंवा कडुनिंब, कुंपणाला मेंदी आणि तिच्यात मधून मधून तरवड, खडक असेल तर तो तसाच ठेवून त्याच्या उताराखाली सीताफळ, दारापाशी चाफा, आणि न्हाणीचे पाणी अडवून अळू, एवढीच यादी मी देईन. गवत हवेच असेल तर हरळी, आणि तिला उन्हाळाभर पिवळे राहण्याची परवानगी. लावणी मृगात करावी, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने मुळांना खाली उतरावयास मिळतात. पहिले दोन उन्हाळे मात्र चिवटातल्या चिवट रोपालाही आधार लागतो, आणि त्यासाठी जुन्या शेतकऱ्यांची रीत अजून उत्तम आहे : बिनभाजणीचे नव्हे, पण सच्छिद्र असे मातीचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, त्यात आठवड्यातून एक-दोनदा पाणी भरून वर परळ झाकावा, आणि ते पाझरून मुळांपर्यंत जाऊ द्यावे. तिसऱ्या उन्हाळ्यात ते मडके उकरून पुढच्या रोपाशेजारी पुरावे.